गुणसूत्रे दुप्पट, म्हणजे भाजी दुप्पट?

(भाजीपाला उत्पादक शेतकऱ्यांच्या मेळाव्यातील भाषण)



बियाण्याचा विषय निघाला की मेळाव्यात हमखास एक प्रश्न येतो. "औषधाने म्हणे झाडाची गुणसूत्रे दुप्पट करता येतात आणि मग भाजी राक्षसासारखी मोठी होते. हे औषध आम्हाला कुठे मिळेल?" प्रश्न रास्त आहे. त्यामागचे शास्त्रही खोटे नाही. मात्र गावोगाव त्याचा जो अर्थ सांगितला जातो, तो अर्धवट आहे. अर्धवट माहितीवर केलेला खर्च बुडतो आणि या औषधाच्या बाबतीत तर जिवाशी गाठ आहे. म्हणून हे औषध काय करते, कोणत्या पिकात त्याचा फायदा झाला, कोणत्या पिकात झाला नाही आणि आपण शेतकऱ्यांनी त्यातून काय घ्यावे, हे आज क्रमाने पाहू.

गुणसूत्रे म्हणजे काय?

झाडाचे पान, मूळ, फळ हे सर्व लहान लहान पेशींचे बनलेले असते. प्रत्येक पेशीच्या केंद्रकात धाग्यासारखी गुणसूत्रे असतात. झाड उंच होणार की बुटके, फळ गोल की लांबट, रोगाला बळी पडणार की तग धरणार, याचा मजकूर या धाग्यांवर असतो. प्रत्येक पिकाची गुणसूत्रांची संख्या ठरलेली असते. टोमॅटो, वांगी व मिरची यांच्यात ती २४, काकडीत १४, कांद्यात १६, कोबी व मुळ्यात १८, तर कलिंगडात २२ असते. यातील निम्मी गुणसूत्रे मादीकडून आणि निम्मी नराकडून आलेली असतात. असे दोन संच असलेल्या झाडाला द्विगुणित म्हणतात. तीन संच असल्यास त्रिगुणित, चार असल्यास चतुर्गुणित, आणि दोनपेक्षा जास्त संच असलेल्या सर्वांना मिळून बहुगुणित असे नाव आहे.

नाव नवे वाटले तरी बहुगुणित पिके आपल्या शेतात पिढ्यान् पिढ्या आहेत. देशी कापसात २६ गुणसूत्रे आहेत, अमेरिकन कापसात ५२. खपली व बन्सी गव्हात २८ आहेत, तर सरबती गव्हात ४२. बटाट्यात ४८ म्हणजे चार संच आहेत. जळगावची केळी त्रिगुणित आहे, तिच्यात ३३ गुणसूत्रे असतात, म्हणूनच तिच्यात बी धरत नाही आणि लागवड बियांपासून करता येत नाही. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आठ संचांची आहे. लागवडीतल्या उसात तर शंभराहून अधिक गुणसूत्रे भरतात. ही सर्व करणी निसर्गाची आहे, आणि शेतकऱ्याने त्यातले चांगले ते निवडून जपले. शास्त्रज्ञांना प्रश्न पडला तो असा, की निसर्गाने हजारो वर्षांत जे केले ते आपल्याला थोड्या काळात करता येईल काय?

कोल्चिसिनचे काम

याचे उत्तर १९३७ साली मिळाले. ब्लेकस्ली व अ‍ॅव्हरी या अमेरिकन शास्त्रज्ञांनी धोत्र्यासारख्या झाडांवर प्रयोग करून दाखवून दिले की, कोल्चिसिन नावाच्या द्रव्याने गुणसूत्रांची संख्या दुप्पट करता येते. हे द्रव्य मुळात युरोपातील एका कंदवर्गीय फुलझाडापासून काढत असत. आपल्याकडच्या कळलावीच्या कंदात व बियांतही ते असते. त्याविषयी पुढे स्वतंत्रपणे बोलणार आहे.

कोल्चिसिन काम कसे करते ते पाहा. एका पेशीच्या दोन पेशी होताना आधी गुणसूत्रांची नक्कल तयार होते. नंतर पेशीत अतिशय बारीक तंतू तयार होऊन ते गुणसूत्रांचे दोन सारखे वाटे दोन टोकांना ओढून नेतात आणि मध्ये भिंत पडते. कोल्चिसिन हे तंतू तयारच होऊ देत नाही. त्यामुळे नक्कल झालेली सगळी गुणसूत्रे एकाच पेशीत राहतात. वाटणी ठरली, पण बांध पडला नाही, अशी ही गत आहे. द्रव्याचा परिणाम ओसरला की ती पेशी पुन्हा विभागू लागते, पण आता तिच्या प्रत्येक वारस पेशीत दुप्पट गुणसूत्रे असतात.

प्रयोगशाळेत यासाठी कोवळ्या रोपाच्या वाढणाऱ्या शेंड्यावर किंवा भिजवलेल्या बियांवर अतिशय सौम्य द्रावण ठरावीक वेळ वापरतात. बरीच रोपे मरतात. जी जगतात त्यांतील बहुतेकांत काही भाग दुप्पट गुणसूत्रांचा, तर काही भाग जुन्याच संख्येचा असतो. म्हणून पुढे मुळाचे टोक सूक्ष्मदर्शकाखाली पाहून गुणसूत्रे मोजावी लागतात, परागकणांचा आकार तपासावा लागतो, योग्य झाडाचे बी धरून त्यातून निवड करत पिढ्यामागून पिढ्या काढाव्या लागतात. थोडक्यात, हे फवारून आठवड्याने फळ फुगवण्याचे औषध नव्हे. वाण तयार करणाऱ्या पैदासकाराच्या हातातले ते एक हत्यार आहे, आणि त्याचे फळ मिळायला वर्षे लागतात.

पेशी मोठी, पण भाजी?

गुणसूत्रे दुप्पट झाली की पेशीचा आकार वाढतो, ही गोष्ट खरी आहे. पान जाड व गडद हिरवे होते, फूल मोठे दिसते, बी टपोरे होते. "राक्षसी भाजी" ही कल्पना इथूनच निघाली. परंतु घर किती मोठे होणार हे केवळ विटेच्या आकारावर ठरत नाही, विटा किती लागल्या त्यावरही ठरते. चतुर्गुणित झाडात पेशी मोठी असली तरी पेशीविभाजन पुष्कळदा मंद असते. झाड उशिरा वाढते, फांद्या कमी फुटतात, फुलोरा लांबतो. पेशीत पाण्याचे प्रमाण वाढून वजनाच्या मानाने घट्ट भाग कमी भरतो. म्हणजे भाजी मोठी होईलच असे नाही, आणि झालीच तरी वाढलेल्या वजनात पाण्याचा वाटा मोठा असू शकतो.

दुसरी अडचण बियाची आहे. परागकण व बीजांड तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या लागून त्यांचे सारखे वाटे पडावे लागतात. दोन भावांत वाटणी सोपी असते. प्रत्येक प्रकारची चार गुणसूत्रे एकत्र आली की कधी दोन-दोन असे वाटे पडतात, तर कधी तीन-एक. वाटा चुकला की बी पोचट राहते. म्हणून जिथे आपण दाणाच खातो, त्या पिकांत नुसते गुणसूत्र दुप्पट करून फारसे काही साधले नाही.

भाज्यांतले एक जुने उदाहरण बोलके आहे. कोल्चिसिनचा शोध लागण्यापूर्वी, १९२० नंतरच्या दशकात, कार्पेचेन्को या रशियन शास्त्रज्ञाने मुळा व कोबी यांचा संकर केला. दोघांचीही गुणसूत्रे १८. आलेला संकर वांझ होता, पण त्याला मोजके बी धरले आणि त्यातून निघालेल्या झाडांत आपोआप ३६ गुणसूत्रे आली. ती झाडे बी देऊ लागली. शास्त्राच्या दृष्टीने हे मोठेच यश होते. शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र त्या झाडाला खाली खाण्याजोगा मुळा नव्हता आणि वर कोबीचा गड्डाही नव्हता. गुणसूत्रे वाढली म्हणजे आपल्याला हवे तेच वाढते असे नाही, हा धडा त्यातून घ्यावा.

फायदा कोठे झाला?

या अनुभवातून शास्त्रज्ञांच्या ध्यानात आले की, ज्या पिकाचे पान, खोड किंवा मूळ आपण वापरतो, ज्याची गुणसूत्रे मुळात कमी आहेत आणि ज्याच्यात परपरागीभवन होते, अशा पिकात ही पद्धत चालण्याची शक्यता जास्त असते. आपल्या ओळखीची तीन उदाहरणे देतो.

पालक : दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेचा 'पुसा ज्योती' हा पालकाचा वाण 'ऑल ग्रीन' या वाणावर कोल्चिसिनची प्रक्रिया करून काढलेला आहे. त्याची पाने मोठी, जाड व लुसलुशीत असतात. पालकात पानच विकायचे असल्याने पेशी मोठी झाल्याचा सरळ लाभ मिळतो.

बरसीम : त्याच संस्थेने बरसीमाची १६ गुणसूत्रे ३२ करून 'पुसा जायंट बरसीम' हा वाण काढला. चाऱ्याच्या पिकात हिरवा पाला हवा असतो. बी थोडे कमी धरले तरी दूध उत्पादकाचे काही अडत नाही.

संकरित नेपिअर : यात औषध वापरलेले नाही, पण गणित समजण्यास ते उपयोगी आहे. बाजरीची गुणसूत्रे १४, नेपिअर गवताची २८. दोघांचा निम्मा निम्मा वाटा म्हणजे ७ आणि १४ मिळून संकरात २१ येतात. जोड्या नीट लागत नाहीत, म्हणून त्याला बी धरत नाही. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे 'यशवंत' व 'फुले जयवंत' हे वाण आपण ठोंब लावून वाढवतो, ते याच कारणाने.

युरोपात साखर बीटमध्ये १८ ऐवजी २७ गुणसूत्रांचे त्रिगुणित वाण गेल्या शतकात मोठ्या प्रमाणावर लावले गेले. तेथेही उपयोगाचा भाग मूळ हाच होता.

बिनबियांचे कलिंगड

भाजीपाला व वेलवर्गीय पिकांत या पद्धतीचे सर्वांत मोठे यश म्हणजे बिनबियांचे कलिंगड. गंमत अशी की, येथे उद्देश फळ राक्षसी करण्याचा नव्हताच, बी घालवण्याचा होता. जपानमधील क्योटोचे डॉ. किहारा यांनी १९३९ साली हे काम सुरू केले आणि १९५१ साली त्याची सविस्तर माहिती प्रसिद्ध केली.

पद्धत अशी आहे. कलिंगडाची २२ गुणसूत्रे कोल्चिसिनने ४४ करतात. ४४ चा वेल मादी म्हणून आणि साधा २२ चा वेल नर म्हणून घेऊन संकर करतात. मादीकडून २२ आणि नराकडून ११ मिळून संकराच्या बियात ३३ गुणसूत्रे येतात. हे बी आपण पेरतो. त्या वेलाच्या फळात गुणसूत्रांचे सारखे वाटे पडूच शकत नाहीत, त्यामुळे बी भरत नाही. कोवळ्या पांढऱ्या साली तेवढ्या राहतात, त्या खाल्ल्या तरी चालतात. उलटा संकर, म्हणजे २२ चा वेल मादी आणि ४४ चा नर, केल्यास चालत नाही.

आपल्या देशात भारतीय कृषी अनुसंधान संस्थेने 'पुसा बेदाणा', बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने 'अर्का मधुरा', तर केरळ कृषी विद्यापीठाने लाल गराचे 'शोणिमा' व पिवळ्या गराचे 'स्वर्णा' हे बिनबियांचे संकर काढले आहेत. अशा बियाण्याचा भाव जास्त का, याचे उत्तर वरील गणितातच आहे. ४४ च्या मादी वेलाच्या फळात साध्या कलिंगडाच्या मानाने फारच थोडे बी मिळते आणि संकर दर हंगामात नव्याने करावा लागतो.

ज्यांना हे पीक घ्यायचे आहे त्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१) बी शेतात थेट टोकू नये. बियाचे कवच जाड आणि आतला गर्भ दुबळा असतो. प्रो-ट्रेमध्ये रोपे करावीत. उगवणीसाठी २८ ते ३२ अंश सेल्सिअस तापमान लागते. थंडीत ट्रे उबदार जागी ठेवावेत.

२) बी रात्रभर भिजत घालू नये. कोकोपीट ओलसर असावे, चिखल होऊ देऊ नये. जास्त पाण्याने हे बी लवकर कुजते. बियाचे टोक वरच्या बाजूस ठेवल्यास कवच पानांना चिकटून राहण्याचे प्रमाण कमी होते. चिकटलेच तर ओल्या हाताने अलगद सोडवावे.

३) या वेलाचे स्वतःचे पराग निकामी असतात. मात्र परागीभवन झाल्याखेरीज फळ धरत नाही. म्हणून दर दोन ते तीन ओळींनंतर साध्या, बियांच्या कलिंगडाची एक ओळ लावावी. त्याच्या फळाची साल वेगळ्या रंगाची असावी, म्हणजे काढणीच्या वेळी घोटाळा होत नाही. ही ओळ विसरलेल्या शेतात वेल भरपूर वाढतात आणि फळे मात्र धरत नाहीत.

४) एकरी एक ते दोन मधमाश्यांच्या पेट्या ठेवाव्यात. फुलोऱ्यात सकाळी कीटकनाशक फवारू नये. परागीभवन अपुरे राहिले तर फळे वेडीवाकडी होतात व आतून पोकळ निघतात.

५) आधी बाजार पाहावा. व्यापारी बिनबियांच्या फळाला जादा भाव देणार असेल, तरच बियाण्याचा जादा खर्च परवडतो. पहिल्या वर्षी थोड्या गुंठ्यांवर लावून पाहावे.

एक शंका नेहमी विचारली जाते. असे कलिंगड किंवा असा पालक खाल्ल्याने पोटात कोल्चिसिन जाते का? नाही. औषध लावले जाते ते कितीतरी पिढ्यांपूर्वीच्या रोपाला. आपल्या ताटातल्या फळात त्याचा अंश नसतो.

मग राक्षसी भाज्या येतात कोठून?

वर्तमानपत्रात अधूनमधून प्रचंड भोपळ्याचे छायाचित्र येते. २०२३ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातील एका स्पर्धेत १,२४७ किलोचा लाल भोपळा तोलला गेला. हा भोपळा गुणसूत्रे दुप्पट करून आलेला नाही. कॅनडातील नोव्हा स्कोशिया येथे निवड करून तयार झालेल्या 'अटलांटिक जायंट' या वाणापासून अशा भोपळ्यांचे कूळ सुरू होते. दरवर्षी सर्वांत मोठ्या फळाचे बी धरायचे आणि पुढल्या वर्षी त्यातून पुन्हा निवड करायची, हा त्यामागचा परिपाठ. त्यात वेलावर एकच फळ ठेवणे, भरपूर सेंद्रिय खत, वेलाला जागोजागी मातीची भर आणि वेळेवर पाणी ही मेहनत आली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, या निवडीमुळे भोपळ्यात पानांकडून फळाकडे अन्नरस नेणाऱ्या नलिकांचे जाळे वाढले आहे.

दूर कशाला, उत्तर प्रदेशातील जौनपूरचा मोठा मुळा आणि जपानच्या साकुराजिमा येथील कित्येक किलोंचा मुळा हेही निवडीचे व त्या त्या मातीचे फळ आहे. द्राक्षबागायतदार जीएचे द्रावण वापरून मणी फुगवतात, त्यातही गुणसूत्रे बदलत नाहीत. आणि संकरित टोमॅटो कितीही मोठा असला तरी त्याची गुणसूत्रे २४ च असतात. तेव्हा संकरित, संजीवकाने फुगवलेले आणि बहुगुणित या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची गल्लत करू नये.

मोठा आकार नेहमीच फायद्याचा असतो असेही नाही. चौकोनी कुटुंबाला एका वेळच्या भाजीपुरता कोबीचा गड्डा हवा असतो. कोबी ६० × ६० सें.मी. ऐवजी ४५ × ४५ सें.मी. वर लावला तर गड्डे लहान येतात, पण एकरी संख्या वाढते. गड्डा केवढा हवा हे अशा प्रकारे अंतरावर ठरवता येते. त्यासाठी कोणत्याही पुडीची गरज नाही.

कळलावीपासून सावध

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. पावसाळ्यात कोकणात, घाटमाथ्यावर व कुंपणाच्या कडेने लाल-पिवळ्या ज्वाळेसारख्या फुलांचा वेल दिसतो, ती कळलावी. तामिळनाडूत औषधी कंपन्यांसाठी तिची शेती होते. तिच्यात कोल्चिसिन असते हे ऐकून कोणी कंद कुटून त्याचा रस भाजीवर फवारण्याचा किंवा त्यात बी भिजवण्याचा विचार करील, तर तो आत्ताच सोडून द्यावा. कोल्चिसिन हे जहाल विष आहे. डॉक्टर ते सांधेदुखीच्या एका विकारावर देतात, पण मिलिग्रॅममध्ये मोजून. औषधाची मात्रा आणि घातक मात्रा यांत अंतर फार थोडे आहे.

कळलावीचा कंद रताळे किंवा कोनफळ समजून खाल्ल्याने माणसे दगावली आहेत. शिजवल्याने विष जाते असे समजू नये. काही तासांनी उलट्या, जुलाब व पोटदुखी सुरू होते, पुढे मूत्रपिंड, यकृत व रक्तावर परिणाम होतो. असे घडल्यास घरगुती उपायांत वेळ न घालवता रोग्याला ताबडतोब रुग्णालयात न्यावे व कंदाचा तुकडा डॉक्टरांना दाखवण्यासाठी बरोबर घ्यावा. बाळंतपणात कळा येण्यासाठी कळलावी वापरण्याची जुनी समजूत तर पूर्णपणे टाकून द्यावी. लहान मुलांना हे फूल ओळखायला शिकवा, जनावरेही त्यापासून दूर ठेवा.

आपण काय करावे?

गुणसूत्रे बदलण्याचे काम प्रयोगशाळेत, हातमोजे घालून, मोजमाप करून व्हावयाचे आहे. ते पैदासकारांकडे राहू द्या. आपण त्यातून तयार झालेला, चाचण्यांत पारखलेला वाण घ्यावा. कोणी "गुणसूत्रे वाढवणारी पावडर" किंवा "राक्षसी भाजीचे द्रावण" विकू लागला तर त्याला तीन प्रश्न विचारा : यात घटक कोणता? कोणत्या पिकावर, कोणत्या संस्थेने त्याची चाचणी घेतली? पक्की पावती देणार का? उत्तर मिळाले नाही तर पैसे खिशातच राहू द्या. बियाणे घेताना पाकिटावरील वाणाचे नाव, लॉट क्रमांक, उगवणशक्ती व मुदत पाहावी. पाकीट, थोडे बी आणि पावती हंगाम संपेपर्यंत जपून ठेवावी.

आणि ज्यांना स्वतःच प्रयोग करायची हौस आहे, त्यांनाही एक काम सांगतो. भोपळा, दुधी, मुळा यांचे सरळ वाण लावत असाल, तर आपल्या शेतातील सर्वांत निरोगी, ठरल्या वेळी येणाऱ्या आणि बाजारात उचल असणाऱ्या झाडांना खूण करा. बी विक्रीच्या मालातून उरलेल्यावर धरू नका, खूण केलेल्या झाडांवरच धरा. शेजारी दुसरा वाण असेल तर भोपळ्याची फुले आदल्या संध्याकाळी कागदी पिशवीने झाकून सकाळी हाताने परागीभवन करा; दुधीची फुले संध्याकाळी उमलतात, म्हणून ती उमलण्याआधी झाकून संध्याकाळी परागीभवन करा. मुळ्याचे बी मात्र दुसऱ्या वाणापासून दूर धरा. चार-पाच हंगाम हे नेमाने केले तर तुमच्या मातीला मानवणारा वाण तुमच्याच घरात तयार होईल. अटलांटिक जायंटचा भोपळा याच वाटेने वाढला. या वाटेवर विष नाही, आणि खर्चही फक्त चिकाटीचा आहे.

आपल्या शंका कृषी विद्यापीठाच्या विस्तार केंद्राकडे किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्राकडे अवश्य विचाराव्यात.